श्वासाचा लगाम आणि टाच : श्वसननियंत्रणातील नायट्रिक ऑक्साईडची भूमिका

श्वासोच्छ्वास झोपेत आणि बेशुद्धीतही अखंड चालू राहतो, आणि तरीही जागेपणी माणसाच्या मनात आले तर तो काही काळ रोखता येतो, लांबवता येतो किंवा भरभर घेता येतो. अशा दुहेरी स्वभावाच्या क्रिया शरीरात फार थोड्या आहेत. या क्रियेची मूळ लय मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत, म्हणजे शालेय पाठ्यपुस्तकांतील मस्तिष्कपुच्छात, तयार होते. त्या लयीला वेगवान किंवा संथ करणारे निरोप मात्र रक्तातील वायूंच्या प्रमाणावरून, फुफ्फुसांच्या ताणावरून आणि स्नायूंच्या हालचालीवरून सतत येत असतात. या निरोपांच्या देवघेवीत नायट्रिक ऑक्साईड नावाचा एक साधा वायू भाग घेतो, हे गेल्या साडेतीन दशकांत स्पष्ट झाले आहे. तो श्वास वाढवतो की आवरतो, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. तो कोणत्या जागी, कोणत्या विकराकडून आणि किती प्रमाणात तयार झाला, यावर उत्तर अवलंबून असते. या विषयावरील लोकप्रिय लेखनात नेमकी ही गोष्ट वगळली जाते, म्हणून आढाव्याचा भर तिच्यावर ठेवणे आवश्यक आहे.

प्रथम नावांचा घोळ दूर केला पाहिजे. नायट्रिक ऑक्साईड म्हणजे नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून झालेला रेणू होय. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरला जाणारा हास्यवायू म्हणजे नायट्रस ऑक्साईड, आणि वाहनांच्या धुरातला तांबूस, दाहक वायू म्हणजे नायट्रोजन डायऑक्साईड. ही तिन्ही भावंडे असली तरी त्यांचे गुणधर्म अगदी निराळे आहेत. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज रसायनज्ञाने १७७२ च्या सुमारास नायट्रिक ऑक्साईडचा अभ्यास केला आणि हवा श्वसनाला कितपत योग्य आहे हे तपासण्यासाठी त्याचाच उपयोग केला, कारण हा वायू ऑक्सिजनशी तत्काळ संयोग पावतो आणि त्या संयोगात हवेचे आकारमान जितके घटते तितका तिच्यात ऑक्सिजन आहे असे मानता येते. श्वसनाशी या वायूचे नाते असे आरंभापासूनचे आहे. मात्र तो सजीवांच्या शरीरातच तयार होतो, ही कल्पना पुढची दोनशे वर्षे कोणालाही शिवली नाही.

श्वसननियंत्रणाचा आधुनिक अभ्यास दुसऱ्या एका प्रीस्टलीपासून सुरू होतो. जे. एस. हाल्डेन आणि जे. जी. प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिले की सामान्य स्थितीत श्वासाचे प्रमाण मुख्यतः कार्बन डायऑक्साईड ठरवतो. फुफ्फुसांतील वायुकोशांत त्याचा आंशिक दाब, म्हणजे वायूंच्या मिश्रणातील एकूण दाबापैकी त्याच्या वाट्याचा दाब, किंचित वाढला तरी श्वास लगेच खोल होतो. ऑक्सिजनच्या कमतरतेची खबर देणारा अवयव त्यानंतर उजेडात आला. मानेतील कॅरॉटिड रोहिणी जिथे दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढा एकेक पिंड असतो. स्पेनमधील फर्नांडो दे कास्त्रो यांनी १९२८ च्या सुमारास या कॅरॉटिड पिंडाची रचना तपासून तो रक्ताची 'चव' घेणारा अवयव असावा असे सुचवले, आणि बेल्जियमचे कॉर्नेय हेमान्स यांना या पिंडांच्या श्वसनातील कार्याबद्दल १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे ६० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली गेला की या पिंडातून निघणाऱ्या चेतातंतूंचे ठोके झपाट्याने वाढतात, तो निरोप लंबमज्जेत पोहोचतो आणि माणसाला धाप लागते.

नायट्रिक ऑक्साईडचा जैविक शोध मात्र रक्तवाहिन्यांच्या अभ्यासातून लागला. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांना असे आढळले की रक्तवाहिनीचे आतले नाजूक अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलीनने ती सैल पडते, म्हणजे अस्तरातून काही तरी पदार्थ बाहेर पडत असला पाहिजे. हा पदार्थ नायट्रिक ऑक्साईड असल्याचे १९८७ साली साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे दाखवले. हृदयविकारात जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनमधूनही हाच वायू सुटतो, हे फेरिड मुराद यांनी आधीच ओळखले होते. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. दरम्यान १९८८ साली जॉन गार्थवेट यांनी हाच पदार्थ मेंदूतील चेतापेशीही सोडतात असे सिद्ध केल्यामुळे श्वासाच्या केंद्रांकडे नव्या नजरेने पाहणे भाग पडले.

हा वायू कसा तयार होतो, हे समजल्याशिवाय पुढचा वाद उलगडत नाही. शरीर आर्जिनीन या अमिनो आम्लापासून ऑक्सिजनच्या साहाय्याने तो बनवते आणि त्यासाठी तीन विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, उपलब्ध आहेत : एक चेतापेशींतले, एक रक्तवाहिन्यांच्या अस्तरातले आणि एक जंतुसंसर्ग किंवा दाह झाल्यावर पांढऱ्या पेशींत जागे होणारे. पहिली दोन विकरे सूक्ष्म मात्रेत आणि क्षणापुरता वायू सोडतात, तर तिसरे तो मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ सोडते. तयार झालेला वायू काही सेकंदांतच नष्ट होतो, आणि रक्तात शिरला तर हिमोग्लोबिन त्याला जवळजवळ लगेच टिपून घेते. त्यामुळे त्याचा प्रभाव जन्मस्थानाच्या आसपासच राहतो. शेजारच्या पेशीत शिरून तो ग्वानिलेट सायक्लेज नावाच्या विकराला चालना देतो, त्यातून चक्रीय जीएमपी हा दूत-रेणू तयार होतो आणि तो पेशीतील कॅल्शियमची हालचाल बदलतो. या कृतीत ऑक्सिजन हा कच्चा माल आहे, ही बाब विशेष ध्यानात घ्यावी : ऑक्सिजन कमी झाला की वायूचे उत्पादनही मंदावते.

याच धाग्यावरून कॅरॉटिड पिंडातील त्याचे काम उलगडले. भारतात शिकून अमेरिकेत आधी क्लीव्हलँड आणि पुढे शिकागो येथे संशोधन केलेले नंदुरी प्रभाकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली दाखवले की या पिंडात नायट्रिक ऑक्साईड बनवणारे विकर असून ते औषधाने बंद पाडले तर पिंडाचे चेतातंतू अधिक जोराने स्पंदू लागतात. याचा अर्थ असा की भरपूर ऑक्सिजन असताना हा वायू पिंडाच्या संवेदक पेशींवर लगाम ठेवतो. त्या पेशींच्या कॅल्शियमच्या वाटा आवळल्या जातात, निरोप सोडण्याची त्यांची तयारी कमी होते आणि श्वास शांत राहतो. ऑक्सिजन घटला की वायूही घटतो, लगाम सैल होतो आणि धाप लागते. कार्बन मोनॉक्साईडही याच जागी असेच आवरण्याचे काम करतो आणि हायड्रोजन सल्फाईड मात्र पेशींना टाच मारतो, असे प्रभाकर यांच्या गटाने पुढील वर्षांत मांडले. धुरातला विषारी वायू, सडक्या अंड्याचा वास असलेला वायू आणि नायट्रिक ऑक्साईड, हे तिघे मानेतील एका कणाएवढ्या अवयवात परस्परांचे वजन तोलत असतात, ही कल्पना शरीरक्रियाशास्त्रातील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक म्हटली पाहिजे.

परंतु चित्र इतके सरळ राहिले नाही. चेतापेशींतले विकर जन्मतःच नसलेल्या उंदरांवर १९९८ साली प्रयोग झाले तेव्हा ऑक्सिजनच्या कमतरतेत त्यांचा श्वास साध्या उंदरांपेक्षा अधिक वाढला; लगाम नसेल तर घोडा उधळतो, या अपेक्षेशी ते सुसंगत होते. पण रक्तवाहिन्यांच्या अस्तरातले विकर नसलेल्या उंदरांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला तेव्हा उलटे दिसले, म्हणजे त्यांचा प्रतिसाद क्षीण होता. वायू एकच, अवयव तोच, तरी विकर बदलताच परिणामाची दिशा फिरली. रक्तपुरवठ्यातील फरक, जन्मापासूनच्या अभावामुळे शरीराने केलेली जुळवाजुळव आणि इतर संदेशवाहकांचे बदललेले प्रमाण यांचा यात किती वाटा आहे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. जनुक काढून टाकलेल्या प्राण्यावरून निरोगी माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

लंबमज्जेत शिरल्यावर तर हा वायू आपली बाजूच बदलतो. कॅरॉटिड पिंडाचे निरोप जिथे उतरतात त्या चेताकेंद्रात ग्लुटामेट हा उत्तेजक दूत सोडला जातो, त्यामुळे पुढची चेतापेशी नायट्रिक ऑक्साईड तयार करते, आणि तो वायू मागे परतून आधीच्या पेशीला 'आणखी सोड' असा संकेत देतो, असे जपानी संशोधकांनी १९९५ साली उंदरांच्या प्रयोगांतून दाखवले. ऑक्सिजन कमी पडला की श्वास आधी झपाट्याने वाढतो आणि काही मिनिटांनी ओसरू लागतो. ती वाढ टिकवून धरण्यासाठी मेंदूतील या वायूची गरज भासते. मानेत जो लगाम, तोच मेंदूत टाच ठरतो. २००१ साली नेचर या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनाने यात आणखी भर घातली : ऑक्सिजन सोडून रिकाम्या झालेल्या हिमोग्लोबिनकडून नायट्रिक ऑक्साईडची गंधकयुक्त संयुगे सुटतात आणि ती याच चेताकेंद्रात सोडली असता उंदरांचा श्वास वाढतो, असे त्यात मांडले होते. हे खरे असेल तर स्वतः रक्तच मेंदूला ऑक्सिजनच्या कमतरतेची खबर देते असे म्हणावे लागेल. हा विचार मोहक आहे; तथापि हिमोग्लोबिन या संयुगांची प्रत्यक्ष किती वाहतूक करते यावर जाणकारांत तीव्र वाद असल्याने त्याला सिद्ध तत्त्व मानणे घाईचे होईल.

रुग्णांच्या दृष्टीने यातील सर्वांत उपयुक्त भाग हृदयाच्या दुर्बलतेशी संबंधित आहे. अशा काही रुग्णांचा श्वास झोपेत वाढत वाढत शिगेला पोहोचतो, मग मंदावत पूर्ण थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. हृदय दुर्बल केलेल्या सशांच्या कॅरॉटिड पिंडात नायट्रिक ऑक्साईड बनवणारे चेतापेशींचे विकर घटलेले आढळते, त्यामुळे पिंड अतिसंवेदनशील होतो, आणि त्या विकराचे जनुक पिंडात घातल्यास संवेदनशीलता उतरते. माणसात हा उपाय प्रचलित झालेला नाही. पण धाप हे केवळ फुफ्फुसात पाणी साचल्याचे लक्षण नसून संवेदकाचा लगाम तुटल्याचेही लक्षण असू शकते, ही समज त्यातून पक्की झाली.

फुफ्फुसांत हा वायू नियंत्रक म्हणून नव्हे, तर रक्ताची वाट रुंदावणारा म्हणून काम करतो. नवजात बालकाच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या जन्मानंतरही आवळलेल्या राहिल्या तर रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. अशा बालकाला श्वासातून दशलक्ष भागांत २० भाग इतक्या सौम्य प्रमाणात नायट्रिक ऑक्साईड दिला तर त्या वाहिन्या उघडतात, आणि अमेरिकेत १९९९ साली या उपचाराला मान्यता मिळाली. उपचार खर्चिक असल्यामुळे भारतात चक्रीय जीएमपीचा नाश रोखणारे सिल्डेनाफिल हे स्वस्त औषध अनेकदा वापरले जाते.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वाधिक चर्चा प्राणायामाच्या संदर्भात होते आणि तिला स्वतःचा इतिहास आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले, ते योगक्रियांचे परिणाम श्रद्धेवर न सोडता उपकरणांनी मोजण्यासाठी. आज भ्रामरी प्राणायाम आणि ओंकार यांच्या समर्थनार्थ ज्या संशोधनाचा दाखला दिला जातो ते स्वीडनमधील एडी वाइट्झबर्ग आणि यॉन लुंडबर्ग यांनी २००२ साली प्रसिद्ध केले. नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साईड सतत तयार होत असतो, आणि तोंड मिटून गुंजन केल्यास नाकातून बाहेर पडणाऱ्या हवेतील त्याचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या तुलनेत सुमारे १५ पट वाढते, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष विश्वासार्ह आहे. त्यावर चढवलेला अर्थ मात्र बहुधा टिकत नाही. ही वाढ उच्छ्वासात मोजलेली आहे, म्हणजे तो वायू शरीराबाहेर जात असतो; लागोपाठ गुंजन केल्यास पोकळ्या रित्या होऊन वाढ कमी कमी होत जाते; आणि पुढच्या श्वासाबरोबर थोडा वायू फुफ्फुसांत गेला तरी तिथले रक्त त्याला टिपून घेते, त्यामुळे तो लंबमज्जेतील श्वासकेंद्रांपर्यंत पोहोचून मन शांत करतो हा दावा त्याच्या रसायनशास्त्राशीच विसंगत ठरतो. संथ गुंजनाने जे बरे वाटते त्याचे कारण लांबलेला उच्छ्वास, कार्बन डायऑक्साईडचे बदललेले प्रमाण आणि हृदयाची मंदावलेली गती यांत शोधणे अधिक योग्य. संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातील नरसीत पिढ्यान्‌पिढ्या भजन चालत आले आहे. त्यातून मिळणाऱ्या समाधानाला वायूच्या पंधरा पटींचा आधार लागत नाही.

याच जिल्ह्याचे या वायूशी दुसरे नाते हळदीतून जोडले जाते. भौगोलिक मानांकन लाभलेल्या वसमतच्या हळदीतील कर्क्युमिन हा घटक दाहाच्या वेळी जागे होणाऱ्या तिसऱ्या विकराची निर्मिती रोखतो, असे प्रयोगशाळेतील पेशींवरील अभ्यासांत १९९५ पासून दिसले आहे. मात्र खाल्लेल्या कर्क्युमिनचा फारच थोडा अंश रक्तात पोहोचतो, आणि श्वासाच्या लयीशी या तिसऱ्या विकराचा संबंध गंभीर जंतुसंसर्गासारख्या स्थितीतच येतो; म्हणून हळदीने दम कमी होतो असे या पुराव्यावरून म्हणता येत नाही.

हिंगोलीसाठी या वायूशी निगडित खरा महत्त्वाचा प्रश्न नायट्रेटचा आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या पाच तालुक्यांच्या शेतीप्रधान जिल्ह्यात वस्त्या-वाड्यांवर आजही विहीर आणि बोअर यांचेच पाणी मोठ्या प्रमाणावर प्यायले जाते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात नायट्रेटची समस्या तीव्र असलेले देशातील जे १५ जिल्हे नमूद झाले, त्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, बीड आणि जळगाव यांच्याबरोबर हिंगोलीला लागून असलेले नांदेड आणि यवतमाळ हेही आहेत. युरियासारखी खते, उकिरडे आणि शौचालयांचे खड्डे यांतून नायट्रेट जमिनीत झिरपते. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. येथे एक विरोधाभास समजून घेतला पाहिजे : पालक, मेथी, बीट यांतही नायट्रेट असते, तोंडातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साईड बनवते आणि मोठ्या माणसाचा रक्तदाब त्यामुळे किंचित उतरतो. जो पदार्थ मोठ्यांना भाजीतून हितकारक, तोच पाण्यातून सहा महिन्यांच्या आतील बाळाला घातक ठरतो, कारण बाळाच्या पोटात आम्ल कमी असल्याने नायट्राइट जास्त तयार होते, ते हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप बदलते आणि ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही. वरच्या दुधात मिसळलेल्या विहिरीच्या पाण्यामुळे बाळे निळी पडतात, हे अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली प्रथम नोंदवले.

या आजाराची श्वसननियंत्रणाशी असलेली गाठ फार महत्त्वाची आहे. कॅरॉटिड पिंड रक्तातील ऑक्सिजनचा आंशिक दाब मोजतो, हिमोग्लोबिनने उचललेला एकूण साठा मोजत नाही. नायट्राइटने हिमोग्लोबिन निकामी झाले तरी रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब जवळपास पूर्ववत राहतो, त्यामुळे संवेदकाला धोका कळत नाही आणि बाळ ओठांपासून निळे-करडे पडले तरी निळेपणाच्या मानाने त्याला धाप कमी लागते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही अशा वेळी ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून फसवे वाचन देते. रक्ताचा चॉकलेटी रंग मात्र डोळ्यांना दिसतो. उपचार म्हणून शिरेतून दिले जाणारे मिथिलीन ब्लू हे तेच रसायन आहे, ज्याने नायट्रिक ऑक्साईडचा ग्वानिलेट सायक्लेजवरील परिणाम अडवून प्रयोगशाळेतील कितीतरी प्रयोग शक्य झाले. हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी धाप नसलेले निळे बाळ ओळखायला शिकावे आणि गावोगावच्या पाण्याच्या नमुन्यांतील नायट्रेट मोजण्याच्या कामात हातभार लावावा, ही अपेक्षा रास्त आहे.

सहा महिन्यांपर्यंत केवळ अंगावरचे दूध मिळणाऱ्या बाळाला हा धोका जवळजवळ नसतो. ज्या घरी वरचे दूध द्यावेच लागते तिथे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आधी तपासून घ्यावे, आणि ते उकळले म्हणजे निर्धोक झाले असे समजू नये. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.